डाव्या पायाची धूळ

टबातलं पाणी आधी फिकट पिवळं झालं, मग चहासारखं, आणि मग चहा उतू जाऊन शेगडीवर करपावा तसं. खाणीच्या कँटीनमध्ये दाटीवाटीनं उभ्या असलेल्या माणसांनी रोखून धरलेला श्वास एकदम सोडला. टबात पाय सोडून बसलेला सुरुंगवाला तर स्वतःच्या पायांकडे अशा कौतुकानं पाहत होता, जणू ते आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी कमावून घरी आले होते.

"ही खाण आहे," महाराज पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले. "हिच्या छातीत तुम्ही शिरता आणि ही तुमच्या छातीत शिरते. आज तिला बाहेरची वाट दाखवली."

महाराजांचं नाव निर्मळ महाराज. पांढरीफेक कफनी, हातावर घडी घातलेला टॉवेल, आणि दाताचा डॉक्टर सुई टोचण्याआधी बोलतो तसा मऊ आवाज. तळपायाला छिद्रं असतात, प्रत्येक छिद्राला एक नाडी असते आणि प्रत्येक नाडी फुप्फुसाला जाऊन मिळते, असं ते सांगत. टबाच्या दोन बाजूंना पाण्यात दोन लोखंडी कांबी उभ्या होत्या. एक सूर्यकांब, एक चंद्रकांब. त्यांच्या तारा टेबलावरच्या जाड चादरीखाली गडप झाल्या होत्या. चादरीखाली काय आहे असं कुणी विचारलं, तर महाराज डोळे मिटून 'शक्ती' म्हणत. शक्तीला बटण होतं आणि ते चेला दाबायचा.

गर्दीत मागच्या बाजूला खाणीच्या शाळेतली विज्ञानाची मास्तरीण उभी होती. तिनं महाराजांचं नाव केव्हाच टबमहाराज ठेवलं होतं. पण तिला हसू येत नव्हतं, कारण पुढच्या रांगेत, हातात टॉवेल घेऊन, तिचा नवरा उभा होता.

नवरा ड्रिलवाला. दगडाला भोक पाडायचं, त्यात सुरुंग भरायला द्यायचा आणि पुढच्या दगडाकडे वळायचं, हे त्याचं काम. ड्रिलला पाण्याची नळी जोडली की धूळ चिखल होऊन खाली पडते, नाहीतर पिठाच्या गिरणीसारखी नाकातोंडात जाते. नळी जोडायची, मास्क लावायचा, हा खाणीचा नियम होता आणि तो तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलाही होता. पण महाराज आल्यापासून नळ्यांची वेटोळी भिंतीला टांगलेलीच राहिली. नवऱ्याच्या मास्कमध्ये आता घरी कपड्यांचे चिमटे ठेवलेले असत.

त्याचा हिशेब सरळ होता. मास्कमध्ये जीव गुदमरतो, पाण्यानं अंगभर चिखल होतो. त्यापेक्षा आठवडाभर धूळ खावी आणि रविवारी पाय धुऊन मोकळं व्हावं. मुकादमालाही हा हिशेब पसंत होता. नळ्या ओढण्यात, तुंबलेलं पाणी काढण्यात जाणारा वेळ वाचत होता. म्हणून तर त्यानं महाराजांना कँटीन दिलं होतं, वर चहाही.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याच्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून मास्तरणीला दाखवला होता. अजून स्वच्छ आहे, त्या म्हणाल्या होत्या, पण हा 'अजून' सांभाळा. दगडाची धूळ एकदा खोल गेली की फुप्फुसात वण करते, आणि तो वण कुठल्याही औषधानं जात नाही. मास्तरणीनं हे नवऱ्याला जेवताना सांगितलं, झोपताना सांगितलं, डबा भरताना सांगितलं. त्याचं उत्तर ठरलेलं.

"अगं, मी डोळ्यांनी पाहिलंय पाणी काळं होताना."

पाणी तिनंही पाहिलं होतं. पण तिनं आणखीही काही पाहिलं होतं. चेला ड्रिलवाल्यांच्या टबात 'मंतरलेलं' मीठ मूठभर टाकायचा, कारकुनांच्या टबात चिमूटभर, आणि मुकादम बसला तेव्हा तर लोणच्याच्या एका फोडीलाही कमी पडेल इतकं. मुकादमाचं पाणी जेमतेम पिवळं झालं. महाराजांनी त्याच्या निर्मळ मनाची तारीफ केली आणि मुकादमानं ती मान खाली घालून स्वीकारली. शाळेत दोन खिळे, मीठपाणी आणि बॅटरी घेऊन मास्तरीण हाच खेळ दरवर्षी सातवीच्या वर्गाला दाखवत असे. गेल्या रविवारी ती पुढे होऊन म्हणाली होती, महाराज, एकदा पाय न घालता चालवून दाखवा. महाराजांनी दुःखी चेहरा केला. रिकाम्या टबात शक्तीचा अपमान होतो, ते म्हणाले. लोकांनी तिला मागे सारलं. शाळेतलं शाळेत ठेवा बाई, असंही कुणीतरी बोललं.

त्यात आज सासऱ्यांनी डोक्याला ताप दिला. सकाळी इस्त्रीची विजार घालून, बूट चकचकीत करून ते म्हणाले, मलाही महाराजांकडे यायचंय. सासरे दुसऱ्या खाणीत आयुष्य काढून काही महिन्यांपूर्वीच लेकाकडे राहायला आले होते. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नकली होता. नडगी लाकडाची, पाऊल रबराचं. विजार लांब आणि चाल सावकाश, त्यामुळे नव्या वस्तीत कुणाला पत्ता नव्हता. खाणीच्या वस्तीत तसंही निम्मे लोक लंगडतात.

"बाबा, तुम्हीसुद्धा?" ती रस्त्यात म्हणाली होती.

"सूनबाई, फुकट पाय धुऊन मिळतायत, नाही कशाला म्हणा?"

ती रागानं पुढचा सगळा रस्ता दोन पावलं पुढे चालत राहिली.

सुरुंगवाला उठला, चेल्यानं पाणी बदललं. नवऱ्यानं आपला नंबर वडिलांना दिला आणि टॉवेल घेऊन शेजारी उभा राहिला. सासरे खुर्चीत ऐसपैस बसले. त्यांनी उजव्या पायाला जखम आहे, मीठ झोंबेल, असं नम्रपणे सांगितलं. एक पाय चालेल का?

"छाती एकच आहे बाबा," महाराज म्हणाले. "एक पाय पुरे."

मग सासऱ्यांनी डावा बूट काढला. मोजा राहू द्यावा, म्हातारपणी थंडी वाजते, अशी विनंती केली. महाराज दिलदार होते. धूळ कापडातून गाळून आणखी शुद्ध निघते, असं त्यांनी सर्वांना समजावलं. सासऱ्यांनी मोज्यासकट पाऊल टबात सोडलं. नवऱ्याचं सगळं लक्ष पाण्याचा रंग कधी बदलतो याकडे लागलं होतं.

मास्तरणीच्या पोटात हसू असं उसळलं की तिनं पदर तोंडात कोंबला.

चेल्यानं मूठभर मीठ टाकलं, जुना खाणकामगार म्हणून वर आणखी अर्धी मूठ. बटण दाबलं. कांबीपाशी बुडबुडे आले.

"मुंग्या आल्यासारखं वाटतंय?" महाराजांनी विचारलं.

"वाटतंय ना," सासरे म्हणाले. "असं तर किती वर्षांत वाटलं नव्हतं."

"अंगठ्यातून ओढ लागलीय?"

"अंगठ्यातून तर विचारू नका."

पाणी पिवळं झालं, तपकिरी झालं, गढूळ काळपट झालं. वर साय धरली. इतकं काळं पाणी आजवर कुणाचं निघालं नव्हतं. लोक टाचा उंच करून पाहू लागले. महाराजांचा आवाज चढला. हा मनुष्य छातीत डोंगर घेऊन जगत होता, ते म्हणाले, आणि बघा, डाव्या पायावाटे डोंगर उतरला. मग ते शेजारी उभ्या मुलाकडे वळले.

"बघ बेटा. ही तुझ्या बापाच्या छातीतली धूळ."

नवरा वाकून पाहू लागला. पाण्याकडे पाहिलं. मग मोज्याकडे. तो पाय त्यानं लहानपणापासून पाहिला होता. त्याचे पट्टे बदलून आणले होते, बिजागरीला तेल घातलं होतं, तो दाराआड टेकवून ठेवला होता. त्याच्या हातातला टॉवेल हळूहळू खाली आला.

"बाबा," तो म्हणाला, "पाय चुकला तुमचा."

"असं? मग धूळ कुणाची निघाली रे?"

नवऱ्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. त्यानं गुडघ्यावर बसून वडिलांची विजार वर केली, मोजा ओढून काढला, पट्टे सोडले आणि लाकडी नडगीसकट रबराचा पाय सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. त्यातून काळं पाणी टपटपत होतं. मग सुरुंगवाल्याला हसू फुटलं, आणि छप्पर उडतंय की काय असं वाटावं इतकं सगळे हसले.

महाराज सावरू पाहत होते. टबाला आधीच्या माणसाची आठवण राहते, असं काहीतरी ते म्हणाले. पण मास्तरीण आता पुढे आली होती आणि यावेळी तिला कुणी अडवलं नाही. तिनं ताजं पाणी भरायला लावलं, स्वतः मीठ टाकलं आणि बटण दाबलं. टबात कुणाचाच पाय नव्हता. पाणी आपलं निष्ठेनं काळं होत गेलं. तिनं चादर उचलली. खाली जीपची बॅटरी होती. मग तिनं दोन्ही कांबी बाहेर काढल्या. चंद्रकांब धडधाकट होती. सूर्यकांब इतकी झिजली होती की शेवटाला बोरूसारखी निमुळती झाली होती.

"धूळ इथून येते," ती म्हणाली. "मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड विरघळतं आणि गंज होऊन तरंगतं. मीठ जास्त, तर गंज जास्त. छातीतला एक कणही यात नाही. आत गेलेला कण पायातून, हातातून, कुठूनच परत येत नाही. म्हणून तो आत जाऊ द्यायचा नाही, एवढाच उपाय आहे. नळी जोडा, मास्क लावा, छातीचा फोटो काढत जा. डोळ्यांनी पाहिलं म्हणता, तर पूर्ण पाहा, चादरीखालचंही पाहा."

मुकादम छताचं निरीक्षण करत होता. सुरुंगवाल्यानं त्याला सगळ्यांसमोर विचारलं, नळ्या उद्याच जोडायच्या ना साहेब? जोडायच्याच, मुकादम म्हणाला, त्यात विचारायचं काय. तेवढ्यात महाराज आणि चेला बॅटरीसकट मागच्या दारानं निघाले होते. टब विसरला. तो आता कँटीनमध्ये भांडी विसळायला उपयोगी पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं मास्कमधले चिमटे काढून खिडकीत ओतले. मास्क धुतला, उन्हात फडकावला, तोंडाला लावून पाहिला आणि जीव गुदमरतो म्हणून एकदा कुरकुरला. सासरे दारात बसून पायाचे पट्टे आवळत होते.

"हा पाय मला कंपनीनं दिला," ते म्हणाले, "माझा पाय गेल्यावर. छत कुरकुरत होतं, लाकडी टेकू लावा म्हणत होते. आम्हाला वाटायचं, छत आपल्याला ओळखतं; टेकू लावले नाहीत आणि ते पायावर आलं. तुला मास्क देतायत तो छाती जायच्या आधी. आधी मिळतंय ते घे लेका. आणि छाती रबराची करून देत नाहीत."

नवऱ्यानं मास्क नीट बसवला, डबा उचलला आणि आतून काहीतरी बोलला. मास्कमुळे शब्द कळले नाहीत. पण 'जीव गुदमरतो' हेच असणार, हे मास्तरणीनं बरोबर ओळखलं आणि त्याच्या पाठीत हलकेच एक धपाटा घातला.