तिसरा हिसका

पेटी पाऊण वाट चढून थांबली, आणि मग मागे घसरायला लागली.

दरीवर ताणलेल्या तारेला ती लटकलेली असायची. खाली रस्त्याकडेच्या शेडमध्ये तो टपाल भरायचा, वर कड्यावर त्याची बायको रहाट फिरवून पेटी ओढून घ्यायची. डोंगरावरच्या अकरा घरांचं टपाल वीस वर्षं असंच चढत होतं. पोचलं की दोरातून दोन हिसके यायचे. त्यानंतर तिसरा, हलका. तो फक्त त्याच्यासाठी : स्वयंपाक झालाय, या. तो खालून एक हिसका द्यायचा : येतो.

त्या दिवशी पेटी भरलेली तशीच खाली येऊन शेडच्या खांबावर आदळली.

"बसली असेल कुणाशी गप्पा छाटत," तो मोठ्याने म्हणाला आणि त्याने दोर ओढून पाहिला. वरून काही आलं नाही. मग कड्यावर शेजारीण दोन्ही हात हलवताना दिसली. पाकिटं सांडलेली तशीच टाकून त्याने पायऱ्या धरल्या. तो पोचेपर्यंत कुणीतरी बायकोचे डोळे मिटले होते.

पंधरा दिवसांनी तो कामावर आला, पण पेटीला त्याने हात लावला नाही. दिवसाला एक खेप, जेवढं पाठीवर मावेल तेवढं टपाल तो पायऱ्यांनी वर न्यायचा. पत्रं पोचायची, जड पार्सलं शेडमध्ये साचायची. त्यातच पाण्याच्या पंपाची नवी मोटर होती. ती चढत नव्हती तोवर अकराही घरं झऱ्यावरून हंडे वाहत होती.

"काय हो, तार धुणं वाळत घालायला ठेवलीय का?" टपालगाडीचा ड्रायव्हर म्हणाला.

"वर माणूस नाही."

"शिवणवाल्या बाई तयार आहेत म्हणे."

"दोर धरला की हात कळतो मला. वीस वर्षं एकच हात होता. दुसरा नाही जमायचा."

ड्रायव्हरने मान खाजवली. शनिवारपर्यंत मोटर वर गेली नाही तर परत न्यावी लागेल, साहेबांनी तसं सांगितलंय, एवढं बोलून तो गेला.

शुक्रवारी ती शेजारीण, शिवणवाली, स्वतःच खाली उतरली. कामावरून उठून आली असावी. पदराला टोचलेली सुई तशीच होती. ती एका खोक्यावर बसली.

"भाऊजी, माझ्या सासूबाई या वयात हंडा वाहतायत. किती दिवस?"

"दुसऱ्या हाताचं मला कळणार नाही."

तिने पदराची सुई काढली, पुन्हा टोचली.

"उन्हाळ्यापासून मीच ओढत होते."

तो दोराची गाठ तपासत होता. तपासतच राहिला.

"ताईंना दम लागायचा. तुम्हाला कळलं तर काम सोडून वर येऊन बसाल, म्हणायच्या."

"मग त्या दिवशी?"

"मी माप घ्यायला गेले होते. थांबा म्हटलं होतं त्यांना. उशीर झाला की तुम्ही चिडता, म्हणून नसतील थांबल्या."

त्याने गाठ सोडली. परत बांधली. ती घट्ट बसली नाही, म्हणून पुन्हा सोडली.

"आणि तिसरा?"

"तोही मीच द्यायचे. ताई शेजारी बसून सांगायच्या, 'हलका दे गं, नाहीतर ओळखतील.'"

शनिवारी गाडी यायच्या आधी त्याने मोटरचं खोकं पेटीत ठेवलं, दोरीचे दोन वेढे जास्त घातले आणि दोर ओढून वर कळवलं. रहाट फिरला. पेटी पाऊण वाटेवर आली तेव्हा त्याने शेडचा खांब धरला. पेटी थांबली नाही. कड्याआड गेली.

दोन हिसके आले. मग जरा वेळाने तिसरा. हलका, अगदी तसाच.

गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने शेडमध्ये डोकावून पाहिलं.

"मोटर दिसत नाही. जमलं म्हणायचं!" तो म्हणाला आणि नवी पार्सलं उतरवायला लागला.

दोर त्याच्या हातातच होता. खालून एक हिसका द्यायचा राहिला होता.