अँटीबॉडीचे पेढे

अँटीबॉडी आल्या म्हणून पेढे वाटणारा माणूस दहिसरच्या त्या चाळीत दत्ताराम पहिलाच. पोरगं पास झालं, घराची लॉटरी लागली तर लोक पेढे वाटतात. हा बाबा बायकोच्या रक्ताचा रिपोर्ट आला म्हणून बॉक्स घेऊन दारोदार फिरत होता. समोरच्या शकुने पेढा हातात घेत विचारलं, काय भावोजी, वनमालावहिनी आजी होणार की काय? तर म्हणाला, "त्याच्यापेक्षा मोठं आहे. तिच्या अंगात अँटीबॉडी आल्या." शकुला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण पेढा ताजा होता आणि हा माणूस कित्येक महिन्यांनी हसत होता, म्हणून तिने दुसराही उचलला.

आता त्याचं हसणं समजायचं तर थोडं मागे जायला हवं. कोरोनाच्या आदल्या वर्षी वनमालाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि दत्तारामने आपली एक तिला दिली. फार विचार केला नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, एका बिल्डिंगचा पार्ट काढून दुसरीत बसवण्यात त्याचा जन्म गेला, असं तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. ऑपरेशन झकास झालं. फक्त डॉक्टर संघमित्रा यांनी दोघांना समोर बसवून बजावलं, की शरीर परकी किडनी ओळखतं आणि तिच्यावर धावून जातं. म्हणून शरीराची पोलीस चौकी झोपवून ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. "परकी कशी? माझी आहे," दत्ताराम म्हणाला होता, आणि डॉक्टरबाई खो खो हसल्या होत्या.

मग कोरोना आला. दत्तारामला तो होऊन गेला, लसही झाली, आणि त्याच्या अँटीबॉडीचा आकडा हजारांत निघाला. वनमालाने लशीमागून लस घेतली. तिचा आकडा शून्याच्या आसपासच. डॉक्टरांनी समजावलं: लस म्हणजे चौकीत चोराचा फोटो लावणं. चौकीच झोपलेली, तर फोटो बघणार कोण? त्या असंही म्हणाल्या, की आकडा म्हणजे सगळं काही नव्हे, शरीराचे लढायचे आणखीही मार्ग असतात. पण ते दत्तारामच्या कानात शिरलंच नाही. त्याला फक्त शून्य दिसलं.

त्या दिवसापासून तो घराचा वॉचमन झाला. दारात खुर्ची टाकून बसायचा. भाजी धुऊन, पैसे सॅनिटायझरने पुसून आत घ्यायचा. वनमालाचा सख्खा भाऊ काशीराम चिपळूणहून आला, त्याला गॅलरीतच चहा पाजून वाटेला लावलं. मुलगा हर्षद लग्न करून अपूर्वाला घेऊन आला, तेव्हा सुनेने उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार केला आणि दोघं मुलुंडला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. सगळ्या जगाने मास्क काढून फेकले तरी वनमाला आपली खिडकीच्या गजांशी. मायेनेच करत होता हो सगळं, त्यात शंकाच नाही. पण माया करणाऱ्याला कुणी थांब म्हणत नाही, ही त्यातली गोची.

यंदा पूर्वा गौरी होत्या. कोकणातल्या माणसाला याच्यापुढे काही सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. नव्या सुनेचा पहिला ओवसा, सूर्य पूर्वा नक्षत्रात असताना गौरी येतात त्याच वर्षी होतो. कधी कधी त्यासाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. पानं, फळं, खण घालून सुपं भरायची, सुनेने ती गौरीपुढे ओवाळायची आणि मग घरातल्या थोरांना द्यायची. पहिलं सूप सासूचं, ते सासूने पदरात घ्यायचं. ते घेतलं की सून खऱ्या अर्थाने घरची झाली. वनमालाने स्वतःच्या सासूला दिलेलं सूप तिला अजून आठवत होतं, आणि उंबऱ्याबाहेरून परत गेलेली अपूर्वा तर रोजच आठवत होती.

दत्ताराम म्हणाला, ओवसा मुलुंडला होऊ दे, सगळी भावकी तिकडे जमेल, तू मात्र जायचं नाहीस. वनमाला गप्प राहिली. बत्तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला कळायला हवं होतं, की ही बाई गप्प बसते तेव्हा काहीतरी शिजत असतं. त्याला वाटलं, पटलं.

त्यानंतर तिने स्वतःहून बूस्टर मागितला. काही आठवड्यांनी टेस्ट केली आणि काय आश्चर्य, आकडा चांगला दोनशेच्या वर! दत्तारामने ओवसा आपल्याच घरी ठरवला, भावकीला फोन केले, पेढे वाटले, आणि उरलेला बॉक्स घेऊन वनमालासकट बोरिवलीला डॉक्टर संघमित्रांकडे गेला.

डॉक्टरांनी पेढा घेतला नाही. रिपोर्ट वाचला, तिच्या सुजलेल्या पावलांवर बोट दाबून बघितलं आणि लगेच रक्त काढायला पाठवलं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "वनमालाताई, गोळ्या घेताय ना?"

वनमालाने नवऱ्याकडे बघितलं नाही.

"डोसच्या आधी बंद केल्या," ती म्हणाली. "आकडा येईपर्यंत. चौकी थोडी जागी केली की शिपाई तयार होतील, असं मनात आलं. तुम्हीच सांगितलं होतं ना."

डॉक्टर फक्त हळू आवाजात म्हणाल्या, की जागी झालेली चौकी एकट्या चोरालाच धरत नाही. ती सगळ्यांनाच धरते.

रिपोर्ट आला तो भीती होती तसाच आला. तिच्या शरीराने दत्तारामची किडनी ओळखली होती. त्याच दिवशी तिला ॲडमिट केलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर तिला ट्रॉलीची वाट बघत बसवलं, तेव्हा कुठे दत्तारामला वाचा फुटली.

"माझी होती ती," तो म्हणाला. "एका सुपासाठी वाट लावलीस तिची."

"तुमचीच होती. म्हणून रोज हात लावून बघायचे, दुखतंय का ते."

"मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता." तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला, चारचौघांत, जे तिने कधी केलं नव्हतं. "मी जगावं म्हणून दिलीत ना? मग तीन वर्षं खिडकीत का बसवून ठेवलंत मला?"

त्याला भयंकर राग आला होता. आणि त्याच रागात त्याला कळलं, की ती म्हणते ते खरं आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला? ट्रॉली आली, तो तिच्या चपला हातात घेऊन मागे चालत गेला.

इंजेक्शनं सुरू झाली आणि गौरी त्यातच आल्या. वनमालाने वॉर्डातून निरोप धाडला, की ओवसा थांबवायचा नाही. पुढच्या पूर्वा गौरी कधी येतील कुणास ठाऊक, आणि तेव्हा कोण असेल, कोण नसेल. झालं, तिच्यापुढे कुणाचं काय चालणार?

पूजनाच्या दिवशी सकाळी डॉक्टर संघमित्रांनी दत्तारामला केबिनमध्ये बोलावलं. हल्ला थांबला होता. पण किडनीचं झालं ते नुकसान भरून येणार नव्हतं. वर्षभर चालेल, नशिबात असेल तर थोडं जास्त. मग डायलिसिस. दत्तारामने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उरलेली एक देता येईल का?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. तो शरमून उठला, जणू काही भलतंच मागून बसला होता.

दुपारी घर माणसांनी गच्च भरलं. ज्या दारात त्याची खुर्ची असायची तिथे चपलांचा ढीग पडला. काशीराम या वेळी आत बसला होता. हिरव्या साडीतल्या अपूर्वाने गौरीपुढे सुपं ओवाळली, आणि पहिलं सूप हातात घेऊन ती थबकली. हर्षदने फोन समोर धरला. त्यात हॉस्पिटलच्या उशीवर टेकलेली वनमाला होती, चेहरा इंजेक्शनांनी गोल झालेला. भावकीतल्या बायकांत कुजबुज सुरू झाली, सासूचं सूप कोणी घ्यायचं, मोठ्या जावेने की आणखी कुणी.

अपूर्वा सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, तुम्ही घ्या," ती म्हणाली. "आईंचं तुम्ही नाही घेणार तर कोण घेणार?"

दत्तारामने दोन्ही हात पुढे केले.

"अहो, हातात नाही," फोनमधून आवाज आला. "पदरात घ्यायचं असतं."

कुणीतरी हसलं, पण त्याच्याकडे बघून लगेच गप्प झालं. दत्ताराम उठला, वनमालाची साडी दोरीवरून काढली, एक टोक खांद्यावर टाकलं, दुसरं ओंजळीवर पसरलं आणि सुनेपुढे उभा राहिला. अपूर्वाने सूप त्यात ठेवलं, वाकून नमस्कार केला. फोनमधून वनमालाने आशीर्वाद दिला, सावकाश, एकही शब्द न गाळता. बायकांनी डोळे पुसले.

मग तिने विचारलं, "आज डॉक्टर काय म्हणाल्या हो?"

सगळं घर त्याच्याकडे बघायला लागलं.

"सूप जड आहे गं," दत्ताराम म्हणाला. "खाली ठेवू दे आधी."

पण त्याने ते ठेवलं नाही. पदर सावरत, सूप छातीशी धरून, तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.