छत्रीच्या काडीवर सात दिवस

मी फुलपाखरू बोलतेय, हर्सूलच्या तरोट्यावरची पिवळी. पंखांना काळी किनार आहे, पण नाव आपलं पिवळीच.

माझं बालपण नुसतं खाण्यात गेलं. तरोट्याची कोवळी पानं मलाही आवडायची आणि आवडाबाईंनाही. त्या ती खुडून गुलमंडीत भाजी म्हणून विकायच्या. एका सकाळी पानांसोबत मीही त्यांच्या पाटीत गेले. मूठ नव्हती, तरी जीव मुठीत धरून निसटले आणि त्यांच्या मोठ्या काळ्या छत्रीत चढले. आतल्या एका काडीवर कोष केला. हीच जागा का सुचली, विचारू नका.

संध्याकाळी छत्री मिटायची वेळ झाली. मिटली असती तर मी संपलेच होते. पण आवडाबाईंची नजर घारीची.

"अगं बया, तरोट्यावरची अळी इथं कोष करून बसली व्हय! माझ्याच पाटीतून आली, आता मारू कशी?"

उघडी छत्री घेऊनच त्या शेअर रिक्षात चढायला गेल्या. रिक्षावाला ओरडला, "मावशी, छतरी बंद करो ना! सवारी कहाँ बिठाऊँ?"

त्या परत फिरल्या त्या थेट समोरच्या कापडदुकानात. अभयशेठ साड्यांच्या घड्या घालत होते. "आवडाबाई, इथं कापडाचं ठाण ठेवायला जागा नाय, अन् तुमची उघडी छत्री कुठं ठेवू?" असं म्हणत त्यांनीच स्टूल आणून ती वरच्या खुंटीला टांगली. माणसं नाही म्हणतात आणि करतात, हे मला कधी कळलंच नाही.

दिवसा मी आवडाबाईंच्या डोक्यावर, संध्याकाळी अभयशेठकडे. सहा दिवस हेच. पाऊस तर रोजचा. बाई पदर डोक्यावर घेऊन भिजत घरी जायच्या आणि मला कोषात फार अपराधी वाटायचं.

सातव्या सकाळी कोष उकलला. पंख ओले, चुरगळलेले. ते वाळेपर्यंत आवडाबाईंनी ना छत्री हलवली, ना गिऱ्हाइकाला जवळ येऊ दिलं. अभयशेठही दुकान सोडून बाहेर आले. मी उडाले तशा बाई म्हणाल्या, "गेली बाई एकदाची! लई जीव टांगणीला लावला."

मग त्यांनी काडी न काडी बोटानं चाचपली, आणखी कुणी नाही ना ते बघितलं आणि छत्री मिटली. तो 'फट्' आवाज मी वरून ऐकला. काय हायसं वाटलं म्हणून सांगू!

आता मी तरोट्यावर अंडी घालतेय. तुम्ही भाजी खुशाल खुडा, फक्त शेंडे घ्या आणि बाकीची पानं माझ्या लेकरांना राहू द्या. आवडाबाई हल्ली तसंच करतात.