‘काप्यो’चं चित्र

श्रीकृष्णराव फणसे यांना त्या फोटोत स्वतःचं कोपर सापडलं. सभागृहाच्या दारात लावलेल्या मोठ्या बोर्डावर ‘फिरकी सॉफ्टवेअर: एका बडोदेकराची गोष्ट’ असं लिहिलं होतं, आणि त्याखाली तरुण सलील आंबेगावकर कीबोर्डवर बोटं ठेवून हसत होता. फोटो जिथे कापला होता, तिथे कडेला चौकटीच्या शर्टाची दुमडलेली बाही आणि एक कोपर शिल्लक होतं. शर्ट लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचा, म्हणून ओळख पटली. नुसत्या कोपरावरून माणूस कोण ओळखणार?

“म्हणे एका बडोदेकराची,” ते म्हणाले. बायकोनं, सुनेत्राबाईंनी, त्यांना दंडाला धरून आत नेलं आणि मागच्या रांगेत बसवलं.

गोष्ट खरं तर दोघांची होती. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. टीव्हीला जोडायचा कीबोर्ड म्हणजेच घरचा कॉम्प्युटर, आणि त्यावरचे खेळ मिळायचे गाण्यांच्या कॅसेटसारख्या कॅसेटवर. दांडिया बाजारात लीलो चेवडा विकणाऱ्या दुकानाच्या वर या दोघांनी एक खोली घेतली आणि तिला कंपनी म्हणू लागले. त्यांच्या प्रत्येक खेळाला चेवड्याचा वास यायचा. प्रोग्रॅम सलील लिहायचा. चित्रं काढायची आणि कॅसेट भरायच्या हे काम श्रीकृष्णरावांचं, तेही रिफायनरीतली नोकरी सांभाळून. टेपरेकॉर्डरला कॅसेट लावली की ती कर्कश किंचाळत राहायची, खेळ सुरू व्हायला पाचेक मिनिटं लागायची, आणि तोवर कंटाळा येऊ नये म्हणून पडद्यावर पट्टी-पट्टीनं एक चित्र उमटायचं. ही चित्रं श्रीकृष्णराव आधी आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून करायचे.

‘काप्यो’ हा त्यांचा शेवटचा खेळ आणि सगळ्यात चांगला. उत्तरायणात पतंग कापल्यावर बडोद्याच्या गच्च्यांवरून जी आरोळी उठते, तेच त्याचं नाव. त्यासाठी मोठा टेपरेकॉर्डर आणला. भरलेली प्रत्येक कॅसेट श्रीकृष्णरावांनी स्वतः लावून पाहिली आणि मगच डब्यात घातली. फक्त लावून पाहिली ती ज्या यंत्रावर भरली त्याच यंत्रावर, आणि त्या यंत्राचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, मुळात जरा तिरकं बसलेलं होतं. तिरक्यानं लिहिलेलं तिरक्याला बरोबर वाचता येत होतं. गिऱ्हाइकांच्या घरी हेडं सरळ होती, तिथे एक कॅसेट चालेल तर शपथ. सुरतेपासून नागपूरपर्यंतचा माल परत आला आणि फिरकी बंद पडली.

मग सलील बेंगळुरूला गेला आणि मोठा झाला. श्रीकृष्णराव बडोद्यातच राहिले, रिफायनरीतून निवृत्त झाले, वासण्याला फ्लॅट घेतला आणि सलीलवर जळत राहिले. हे काम त्यांनी नोकरीइतकंच नेमानं केलं. सलीलच्या बंगल्यात पोहण्याचा तलाव आहे, हे कळलं तेव्हा आठवडाभर त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. त्याचे केस अजून काळे आहेत, हे तर त्यांनी मनाला लावूनच घेतलं. सलीलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याची बातमी आली त्या रविवारी मात्र त्यांनी आपण होऊन श्रीखंड आणलं, आणि सुनेत्राबाईंना कारण विचारायची गरज पडली नाही.

आता ही ऋचा. डिझाइनच्या कॉलेजात शिकवणारी मुलगी, जुन्या खेळांचा इतिहास जमवत होती. ती सलीलशी फोनवर बोलली आणि त्यानं तिला फिरकीची सगळी कहाणी सांगितली. त्यात श्रीकृष्ण नावाचा माणूसच नव्हता. चित्रं नि कॅसेट यांचं काम ‘बाहेरून करून घेतलं’ असं म्हणे तो म्हणाला. श्रीकृष्णरावांना सलीलच्या सत्काराच्या या कार्यक्रमाचं कळलं ते महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, इतर सगळ्यांबरोबर. या कार्यक्रमावरून ऋचा पुस्तक करणार होती. त्यात एकदा आपलं नाव गळलं की मग ते कायमचं गळलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सावली गावात कुणाच्या तरी माळ्यावर सापडलेली ‘काप्यो’ची एकुलती एक कॅसेट ऋचानं टेपरेकॉर्डरमध्ये घातली. किंचाळी सुरू झाली, पण कांबळ्याखालून ओरडल्यासारखी. पडद्यावर नुसत्या रेघा धावल्या आणि थांबल्या. तिनं पुन्हा लावली. पुन्हा तेच.

श्रीकृष्णरावांना पहिल्या आवाजालाच कळलं होतं. त्यांनी हाताची घडी घातली आणि मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. चालू नकोच. सलीलचा खेळ सलीलच्या सत्कारात, सगळ्या बडोद्यासमोर चालू नये, यापरता न्याय तो कोणता?

“तुम्हाला कळलंय ना, काय झालंय ते?” सुनेत्राबाई कुजबुजल्या.

“मला काय करायचंय?”

“अहो, किती जळाल?”

तेवढ्यात सलीलनं माइक घेतला. आधी गुजरातीत एक विनोद केला, लोक हसले, मग म्हणाला, “प्रोग्रॅमचा दोष नाही हं. आमच्याकडे कॅसेटचं काम तेव्हाही कच्चंच होतं.”

लोक पुन्हा हसले. श्रीकृष्णरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते उठले आणि सरळ टेबलाशी जाऊन उभे राहिले. हे औदार्य होतं असं कुणी समजू नये. माणूस चांगुलपणानं उठतो तेव्हा त्याची खुर्ची मागे पडत नाही.

त्यांनी ऋचाकडे बारीक स्क्रूड्रायव्हर मागितला. कॅसेट चालू ठेवून, कान टेपरेकॉर्डरला लावून, हेडच्या बाजूचा स्क्रू त्यांनी केसभर फिरवला. मग आणखी केसभर. हेड तिरकं होऊ लागलं तशी किंचाळी मोकळी झाली, दांडिया बाजारातल्या त्या खोलीत असायची तशी. त्यांनी हात काढला, कॅसेट मागे घेतली आणि पहिल्यापासून लावली.

पडद्यावर एक पट्टी उमटली. निळं आभाळ. मग पतंगांच्या शेपट्या, मग पतंग, मग मांडवी दरवाज्याचा माथा, आणि खाली एकाला एक लागून गच्च्या. गच्चीवरच्या आजोबांच्या डोळ्यांवर काळा चष्मा, आणि कठड्यावर चिक्कीची ताटली. समोरच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “अरे, आ तो आपणी मांडवी!” मोबाइल वर झाले. चित्र पुरं झालं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्या बराच वेळ पडत राहिल्या.

मग खेळ सुरू झाला. दोन पतंग आणि दोन दोऱ्या. ऋचाच्या एका विद्यार्थिनीनं तो खेळून पाहिला, हरली, हसली. लोक चहाकडे निघाले.

सलील हळूच श्रीकृष्णरावांच्या बाजूला येऊन उभा राहिला. गुडघा अजून पुरता सुधारला नसावा. ओस पडत चाललेल्या खुर्च्यांकडे बघत तो म्हणाला, “तेव्हाही हेच व्हायचं. दुकानात लोक चित्र पुरं होईपर्यंत खिळून उभे राहायचे. माझा खेळ सुरू झाला की चालायला लागायचे.”

श्रीकृष्णरावांनी स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला.

“तुझं नाव मी मुद्दामच नाही सांगितलं. फोटोसुद्धा मीच कापून पाठवला.”

खरं तर इथे श्रीकृष्णरावांनी चिडायला हवं होतं. पण त्यांच्या पोटात कसं गार गार वाटलं, भर मे महिन्यात ताक प्यावं तसं. मग लगेच त्यांना राग आला, पण तो निराळ्याच गोष्टीचा. इतकी वर्षं आपण ज्याच्यावर जळलो तो आपल्यावरच जळत होता, म्हणजे ते जेवणावरून उडालेलं मन, ते श्रीखंड, सगळं फुकटच गेलं की.

“तुझ्याकडे तलाव आहे,” ते तक्रार केल्यासारखे म्हणाले.

“आहे,” सलील म्हणाला. “पण कुणी त्याच्यासाठी टाळ्या नाही वाजवत.”

ऋचा जाड पेन घेऊन धावत आली. बोर्ड तिनं दारातून उचलून आणला होता. “काका, चित्र तुमचं ने? काकूंनी आत्ता सांगितलं, आधी मला कुणी सांगितलंच नाही. आत्ता नाव घालते, पुस्तकातपण घालीन. कुठे लिहू?”

सलील दुसरीकडे बघू लागला. त्याचे कान लाल झाले होते आणि ओठ घट्ट मिटलेले. हा चेहरा श्रीकृष्णरावांच्या चांगला ओळखीचा होता. रोज दाढी करताना ते तो बघत आले होते. त्यांना त्याची कीव आली, पण थोडीच.

“ते कोपर दिसतंय ना,” ते म्हणाले, “तिथे लिही. सलीलच्या शेजारी. खाली नको.”