साक्षीदाराची खुर्ची आणि भिंतीवरचा पडदा

मी एक जुनी खुर्ची आहे. स्वीडनमधल्या एका अपील न्यायालयात साक्षीदार माझ्यावर बसत असत. माझा एक पाय किंचित आखूड आहे, आणि मित्रांनो, आधीच कबूल करते, माझा स्वभाव मत्सरी आहे.

माझा जन्म १९४८ सालचा. त्याआधी तीनेकशे वर्षं हे न्यायालय कागदावरच चालत होतं. राजाला प्रत्येकाचं गाऱ्हाणं ऐकायला सवड नव्हती, म्हणून त्याने अशी न्यायालयं नेमली. खालच्या न्यायालयाचा निकाल ज्याला पटत नसे, तो इथे दाद मागायचा. पण न्यायाधीश फक्त कागद वाचत. ज्याचं नशीब ठरायचं, त्याचा चेहरासुद्धा बहुतेकदा त्यांना दिसत नसे. मग कायदा बदलला. साक्षीदारांनी इथेही यावं आणि तोंडाने सांगावं, असं ठरलं. त्यांना बसायला हवं म्हणून आल्बिन नावाच्या सुताराने बर्चच्या लाकडातून मला घडवलं.

साठ वर्षं मी मानाने जगले. कोळी, परिचारिका, शाळामास्तर, चोर, एकदा तर चर्चचे पाद्रीसुद्धा माझ्यावर बसून गेले. खोटं बोलणारे पुष्कळदा निवांत बसत आणि खरं बोलणारे कडेवर अवघडून बसत, हे मी तिथेच शिकले. साक्षीदार बसला की पाचही न्याय करणारे पुढे झुकत. तीन कायदा शिकलेले, दोन गावातले. त्या सगळ्या नजरा मला माझ्याच वाटत. शेवटची काही वर्षं सिक्स्टेन हा कोर्टाचा शिपाई दर शुक्रवारी मला मेण लावून चकचकीत करी.

आणि २००८ साली कायदा पुन्हा बदलला. आता साक्षीदाराचं बोलणं खालच्या न्यायालयातच चित्रित करायचं आणि इथे नुसतं दाखवायचं. घाबरलेल्या माणसाला तेच दुःख दोनदा कशाला सांगायला लावायचं, असं म्हणे. दोन माणसांनी समोरच्या भिंतीवर टीव्हीसारखा मोठा काळा पडदा ठोकला. मला उचलून त्याच्याखाली भिंतीशी सरकवलं.

काय सांगू तुम्हाला! सिक्स्टेन त्या पडद्याला मऊ फडक्याने पुसायचा. कोणी जवळ गेलं की ओरडायचा, "अरे, बोटं नका लावू, डाग पडतात!" आणि स्वतःचा ओला कोट मात्र माझ्या पाठीवर टाकायचा. नजरा आता माझ्या डोक्यावरून जात. हा पडदा एक दिवस सगळ्यांसमोर तोंडघशी पडावा, एवढंच मी मागत होते.

दोन वर्षांनी, हिवाळ्यात, तो दिवस आला.

रूने एक्बोम नावाच्या माणसाचं अपील होतं. तळ्याकाठी राहणारा साठीतला गृहस्थ. भावाची बोटीची शेड जाळली, म्हणून त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली होती. तो म्हणत होता, "आग दिसली म्हणून मी तळ्यातून कॅनभर पाणी आणलं." खालच्या न्यायालयाने म्हटलं होतं, कॅनमध्ये पेट्रोल होतं आणि ते त्याने घरून नेलं. सगळी भिस्त एका साक्षीवर होती, ती शेजारच्या आल्फहिल्डची. तिचं वय त्र्याऐंशी. चाळीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या दारातला बर्फ उपसला होता. साक्षीनंतर रूने तिच्याशी एक शब्द बोलला नाही. महिन्याभरापूर्वी ती वारली, तेव्हा तो तिच्या अंत्यविधीलाही गेला नाही.

तिची साक्ष दाखवायची वेळ आली आणि पडदा काळाच राहिला.

"याला काय झालं आता?" मुख्य न्यायाधीश गुनिल्ला थोरेल यांनी विचारलं.

"काल तर चालत होता, गुनिल्ला," सिक्स्टेन पडद्यामागे डोकावत म्हणाला. आमच्याकडे न्यायाधीशांनाही नावानेच हाक मारतात.

"निकालपत्रात तिच्या साक्षीचा सारांश आहे," सरकारी वकील म्हणाले. "तो वाचू आणि पुढे जाऊ."

मला काय आनंद झाला! कारण मला ठाऊक होतं. सकाळी फरशी पुसताना मला सरकवलं, तेव्हा माझ्या आखूड पायाखाली पडद्याची वायर ओढली गेली होती आणि पिन निसटली होती.

रूनेची तरुण वकील चटकन उठली. "सारांश नको. ती बाई आता पुन्हा येऊ शकत नाही. निदान तिचं बोलणं तरी ऐकू या."

"काय ऐकायचंय त्यात?" रूने पुटपुटला. "तिनेच तर मला बुडवलं."

सिक्स्टेन गुडघ्यांवर बसला. "हात्तिच्या, ही खुर्ची होय!" म्हणत त्याने मला बाजूला ढकललं आणि पडदा उजळला.

आल्फहिल्ड दिसली. निळा स्वेटर, हात मांडीवर. ती म्हणाली, "माझ्या खिडकीतून तळं या बाजूला दिसतं." तिने उजवा हात उचलला. मग प्रश्न आला, रूने कुठून आला? ती म्हणाली, "हा असा इकडून, कॅन घेऊन, पळत." आणि पुन्हा तोच हात त्याच बाजूला उचलला.

"थांबवा," थोरेल म्हणाल्या. "मागे घ्या. हं, हात बघा तिचा."

तीनदा बघितलं. निकालपत्रात "इकडून" हा शब्द होता, हात नव्हता, म्हणून रूने घराकडून आला असं धरलं गेलं होतं. पण रूने तळ्याकडून येत होता, त्याचं घर तर उलट्या बाजूला. जळत्या शेडकडे तळ्यातून कोणी पेट्रोल आणत नाही.

थोरेल यांनी मधली सुट्टी जाहीर केली. सगळे कॉफी प्यायला गेले. रूने उठला, पण दाराकडे न जाता पडद्याजवळ आला आणि माझ्यावरच बसला. किती दिवसांनी कोणीतरी बसलं! पण तो मान वर करून पडद्याकडे बघत होता, तिथे आल्फहिल्डचा हात अजून तसाच उचललेला होता.

"ती माझ्याच बाजूने बोलत होती," तो सिक्स्टेनला म्हणाला. "आणि मी तिला बर्फ तुडवत जाताना बघून तोंड फिरवत होतो."

"तू तिला विचारलं नाहीस कधी?"

"नाही ना रे. कुंपण ओलांडायचं, एवढंच तर होतं."

तीन आठवड्यांनी निकाल आला. रूने निर्दोष सुटला.

मित्रांनो, मत्सर माझा अजून गेलेला नाही. पडद्याला पुसताना बघितलं की आजही माझ्या लाकडाला झिणझिण्या येतात. पण त्या दिवशी तो बंदच राहिला असता, तर माझ्या आनंदापायी एक माणूस तुरुंगात गेला असता, हे मला विसरता येत नाही. मेलेल्या माणसाला मी पुन्हा बोलतं करू शकत नाही. ते त्या पडद्यालाच जमतं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. कोणाबद्दल मन कडू झालं, तर त्याचं पुन्हा एकदा ऐका. आणि तो जिवंत आहे तोवर ऐका. तेवढ्यासाठी एक साधी खुर्ची पुढे केली तरी पुरते.