रंगाऱ्याची रेघ

मुलांनो, डोळे मिटा आणि एक उंच शिडी मनात आणा. टोकावर कुंचला घेतलेला माणूस, आणि खाली शिडी घट्ट धरून तुमच्याएवढी एक मुलगी. तिला सगळे खारूताई म्हणत. वर होते तिचे बाबा, दुकानांच्या पाट्या रंगवणारे.

"पाटी कसली, अख्खी भिंतच रंगवतो!" बाबा वरून ओरडले. त्यांच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून थांबला नव्हता. झोप नाही, जेवण नाही. रंगाने बरबटलेले कुंचले खाली तसेच वाळत पडले होते. एरवी कुंचले धुतल्याशिवाय बाबा पाणीही पीत नसत!

अंगणात उभी असलेली आत्या मात्र खूश होती. "किती दिवसांनी माझा भाऊ खुलला! आणि तू काय सुतकी चेहरा करून उभी?"

खारूताईने शिडी आणखी घट्ट धरली. बाबांना बायपोलर आजार होता. मन कधी तळाला जाई, कधी असं उधळे. गोळ्यांनी ते ताळ्यावर राही, पण हात किंचित थरथरे. पाट्या रंगवणाऱ्याची रेघ वाकडी आली तर काम कोण देणार? म्हणून बाबांनी गोळ्या सोडल्या होत्या. "डॉक्टरांना सांगायचं नाही हं, शपथ!" असं त्यांनीच तिला बजावलं होतं.

शिडी डगमगली. बाबा एका पायावर उभे राहून हसत होते!

सांगावं, तर बाबांचा विश्वास मोडेल. न सांगावं, तर...

"आत्या, शिडी धर! बाबांनी गोळ्या सोडल्यात!" ती किंचाळली. मग खाली पडलेला एक कुंचला उचलून, आवाज सावरून वर म्हणाली, "बाबा, माझी रेघ वाकडीच येतेय. खाली येऊन शिकवा ना!"

शिकवायचं म्हटल्यावर बाबा उतरले. खारूताईने त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही; तिथून तिघं थेट दवाखान्यात गेली.

"अहो, आमच्या घरात कुणी वेडं नाही!" आत्या डॉक्टरीणबाईंवर उखडली. "हसतोय, म्हणजे बराच आहे की!"

"ताई, हे हसणं आजाराचंच दुसरं टोक आहे. मधुमेहाला तुम्ही वेड म्हणता का? पूर्वी अशा माणसाला लहरी म्हणून सोडून देत. आता मन, मेंदू आणि झोप यांचं नातं आपल्याला बरंच उलगडलंय. रक्त तपासून औषधाची मात्रा ठरवता येते, दुसरी औषधं आहेत, बोलून उपचार होतात. आजाराची चाहूल कशी ओळखायची, हे घरच्यांनाही शिकवता येतं. " मग त्या बाबांकडे वळल्या. "हात थरथरतो, एवढं मला सांगितलं असतंत तरी पुरे होतं हो!"

आत्याचा चेहरा उतरला. "मीच त्याला शिडीवर चढू दिलं," ती पुटपुटली. पुढच्या तपासणीला भावासोबत तीच गेली.

बाबांचं मन थाऱ्यावर यायला वेळ लागला. मात्रा बदलली, थरथर कमी झाली, पण पुरती गेली नाही.

मुलांनो, आजार लपवून लाज राखली जात नाही, माणूस गमावला जातो. आणि जे गुपित कुणाच्या जिवावर बेतेल, ते पाळायचं नसतं, शपथ घातली असली तरी!

आणि खारूताई? तिने एक लांब काठी घेतली, टोकाला मऊ चिंधी गुंडाळली आणि पाटीवर आडवी धरली.

"बाबा, मनगट टेकवा हिच्यावर. आता ओढा रेघ."