काबलियाव आणि कोल्हा

माझं रेहोबोथला टायरचं दुकान आहे. वाळूत गाडी कशी चालवावी यावर मी गिऱ्हाइकांना फुकट प्रवचन देतो. निम्मे लोक त्याला कंटाळूनच टायर घेतात, असं माझी बायको रोझेल्डा म्हणते.

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या सासूबाई, माग्रीट, गेल्या. त्यानंतर सासऱ्यांचं बोलणं जवळजवळ बंद झालं. फ्लोरिस डिरखार्ट हे त्यांचं नाव, पण आमच्याकडे जावईसुद्धा सासऱ्याला ‘पा’ म्हणतो. लग्न झाल्यापासून दर डिसेंबरला पा आणि माग्रीट मासे धरायला समुद्रावर जायचे. यंदा ते म्हणाले, “मी नाही जात.” रोझेल्डाला हॉस्पिटलातल्या नोकरीतून सुट्टी मिळेना. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“इझाक, तू ने त्यांना.”

“नेतो की! त्यात काय एवढं?” मी म्हणालो. मी जन्मात गळानं मासा धरलेला नव्हता. तरीही नवी लांबलचक काठी आणि छातीपर्यंत येणारी रबरी विजार विकत घेतली. ती घालून आरशासमोर उभा राहिलो, तेव्हा मी फारच जाणता दिसलो.

स्वाकोपमुंड मागे टाकून मीठ-माती दाबून केलेल्या रस्त्यानं उत्तरेला जाताना धुकं एवढं दाट होतं, की समुद्र नुसता ऐकू येत होता. पा खिडकीबाहेर बघत बसले होते. मी एकटाच बडबडत होतो. किनाऱ्यावरच्या तळावर पोचल्यावर तंबू मीच ठोकला, तोही दार नेमकं वाऱ्याकडे करून. पा काही बोलले नाहीत. रात्रभर आम्ही दोघांनी वाळू खाल्ली.

सकाळी ओहोटी होती. सामान उचलून न्यायचा मला कंटाळा, म्हणून मी पिकअप थेट खाली, ओल्या कडक वाळूवर नेऊन लावली. पांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे.

“पा, काळजी करू नका. टायर माझे आहेत,” मी म्हणालो.

किती वेळ गळाला काही लागलं नाही. थंडगार पाण्यात माझ्या पायांची जाणीवच गेली. आणि अचानक काठी अशी वाकली की मी दोन पावलं पुढे ओढला गेलो.

“पा! लागला! लागला!”

“इझाक,” पा शांतपणे म्हणाले, “गाडी.”

“अहो, मासा लागलाय!”

“गाडी बघ.”

मान वळवून पाहिलं, तर भरतीचं पाणी मागच्या चाकाला चाटून जात होतं.

“तुम्ही काढा ना जरा!”

“किल्ली?”

किल्ली माझ्या पँटच्या खिशात होती आणि पँट त्या रबरी विजारीच्या आत. शहाण्या माणसानं काठी सासऱ्याच्या हातात दिली असती. ते आयुष्यभर मासे धरत आलेले. पण हा मासा माझा होता. मी दात आवळून मागे मागे सरकत राहिलो, पा नुसते बघत राहिले, आणि शेवटी तो वर आला. तांबूस झाक असलेला, माझ्या मांडीएवढा जाड काबलियाव! मी तो कोरड्या वाळूवर टाकला आणि गाडीकडे धावलो. खरं तर त्या विजारीत धावता येत नाही. बदक चालतं तसं चालता येतं.

किल्ली काढायला विजार गुडघ्यापर्यंत खाली सोलावी लागली. तसाच आत बसलो, गाडी सुरू केली. चाकं जागच्या जागी फिरली आणि आणखी रुतली. मी आणखी जोर दिला. ती आणखी रुतली.

पांनी काचेवर टकटक केली.

“गिऱ्हाइकांना काय सांगतोस रे तू?”

मी उगाच गिअर हलवला.

“सांग ना.”

“वाळूत उतरण्याआधी टायरची हवा कमी करा.”

“मग?”

मग काय! मी, टायरवाला इझाक क्लूटे, गुडघ्यात अडकलेल्या विजारीनिशी बर्फासारख्या पाण्यात बसून एकेका चाकाची हवा सोडत होतो. लाट आली की तोंडात खारं पाणी. पा हातांनी चाकांपुढची वाळू उपसत होते. शेवटी गाडी गुरगुरली आणि वर चढली. मी आनंदानं ओरडलो, खाली उतरलो आणि माझ्या माशाकडे वळलो.

माशाजवळ कोल्हा उभा होता. काळ्या पाठीचा, बारकासा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, काबलियाव कल्ल्यापाशी धरला आणि मासा फरफटत टेकाडाकडे निघाला.

“ए! सोड! माझा आहे तो!”

मी धावलो. विजार घोट्यात आली. तोंडावर पडलो. उठलो, पुन्हा पडलो. कोल्ह्यानं एकदा थांबून मागे पाहिलं, त्याला घाई अशी नव्हतीच.

मागून कसलातरी आवाज आला. वाटलं, पांच्या छातीत कळ आली. वळून बघतो तर ते गाडीच्या चाकाला टेकून वाळूत बसले होते आणि हसत होते. खोकला येईपर्यंत हसले. मग त्या हसण्याचं कधी रडू झालं ते कळलं नाही. मी जवळ जाऊन बसलो. काय बोलावं ते सुचेना, म्हणून बोललो नाही. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “माग्रीटनं आमची पहिली गाडी इथंच बुडवली होती. वर ‘चूक तुझी’ असं मलाच म्हणाली. दुसऱ्यांच्या गाडीतून परतताना स्वाकोपमुंडपर्यंत एक शब्द बोलली नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी माफी मागितली. गाडी ती चालवत होती, पण माफी मी मागितली.”

संध्याकाळी निखाऱ्यांवर आम्ही आमिषासाठी आणलेले बारके पेडवे मासे भाजून खाल्ले. बरे लागले.

दुसऱ्या दिवशी टायरमध्ये हवा भरायला हेंटीसबेला गेलो. तिथून रोझेल्डाला फोन लावला.

“पा जेवतात का रे नीट? आणि मागे कोण एवढ्या मोठ्यानं बोलतंय?”

हवा भरणाऱ्या माणसाला पा कोल्ह्याची गोष्ट सांगत होते. मी कसा पडलो, ते हातवारे करून दाखवत होते. दोन वेळा पडलो होतो मी. त्यांच्या गोष्टीत पाच वेळा.

“तुझे वडील,” मी म्हणालो.

मग ती हळूच म्हणाली, “फोन ठेवू नकोस. ऐकू दे.”